तोडीचा फलक : कोणता घ्यावा आणि कसा राखावा



गळीत हंगाम सुरू झाला की सभासदाची सगळ्यात जास्त नजर कशावर असते, तर गट ऑफिसच्या भिंतीवरच्या फलकावर. आपला नोंद नंबर कितवा, टोळी कोणत्या शिवारात उतरली, तोड कधी लागणार, एवढे तीन प्रश्न आणि त्यांचे उत्तर त्या फलकावर. आडसाली लागण म्हटली तर सोळा ते अठरा महिने पोसलेले पीक. त्याची तोड पंधरा दिवस पुढे गेली तर खोडव्याचे गणित चुकते, मागचा गहू-हरभरा चुकतो आणि घरातली एखादी ठरलेली देणी-घेणीही चुकतात. म्हणून फलक हा विषय दिसायला लहान असला तरी त्यावर चार शब्द लिहावेत असे वाटले.

बऱ्याच गटांत खडूचा काळा फलक जाऊन आता पांढरा फलक आला आहे. कारखान्याचे नाव, गटाचे नाव, रकाने आणि रेघा छापलेल्या असतात, रोजचा मजकूर मार्करने लिहायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा. कल्पना चांगली आहे. परंतु हंगामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हे फलक बघा. पुसलेली अक्षरे पुरती जात नाहीत, त्यांची सावली मागे राहते. त्या सावलीवर नवीन आकडे, त्यावर आणखी नवीन. आपल्या देवनागरी आकड्यांत १ आणि ९ आधीच जवळचे, ३ आणि ६ तर एकमेकांचे आरशातले तोंड. खालची जुनी रेघ अर्धवट राहिली की १ तारखेची ९ तारीख दिसते. मग एक सभासद म्हणतो माझी तोड १ ला होती, दुसरा म्हणतो तुझी ९ ला, आणि तिसरा हळूच म्हणतो की नंबर बदलला. नंबर कोणी बदललेला नसतो. फलक नीट पुसला गेलेला नसतो, एवढेच. पण संशय एकदा गावात शिरला की तो फडक्याने पुसता येत नाही.

माझे स्पष्ट मत असे की, फलकाचा पृष्ठभाग निवडणे हे वह्या-पेन्सिली घेण्याइतके किरकोळ काम समजू नये. बेणे निवडताना आपण जी काळजी घेतो तीच इथे घ्यावी. वरून सगळे पांढरे फलक सारखेच चकचकीत दिसतात. फरक असतो तो वरच्या थरात.

शाई पुसली कशी जाते

आधी मार्करचे समजून घेऊ. पांढऱ्या फलकाच्या मार्करच्या शाईत रंगाची बारीक पूड, ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ, लवकर उडून जाणारे अल्कोहोल आणि शाई पृष्ठभागाला घट्ट चिकटू नये म्हणून घातलेला तेलकट पदार्थ असतो. लिहिल्यावर अल्कोहोल उडते आणि रंगाचा पातळ पापुद्रा वर राहतो. फडक्याने पुसतो तो हा पापुद्रा. कायमच्या मार्करमध्ये, म्हणजे आपण पोत्यावर किंवा डब्यावर नाव टाकतो त्यात, हा तेलकट पदार्थ नसतो. त्यामुळे ती शाई धरून बसते.

आता शेततळ्याचे उदाहरण घ्या. खाली कागद अंथरला तर पाणी वर राहते, नुसत्या मुरमावर सोडले तर जिरून जाते. फलकाचेही तसेच. वरचा थर बंद, कडक आणि गुळगुळीत असेल तर शाई वर राहते. थर मऊ असेल, त्यात बारीक छिद्रे असतील किंवा ओरखडे पडलेले असतील, तर शाई आत शिरते. आत शिरलेल्या शाईला कोरडे फडके काही करू शकत नाही. सावली पडते ती यामुळे.

पृष्ठभागाचे प्रकार

साधा फ्लेक्स : हा विणलेल्या कापडावर दिलेला मऊ प्लास्टिकचा थर असतो. निवडणुकीला, वाढदिवसाला ठीक. त्यावर मार्करने लिहून पुसणे म्हणजे टीपकागदावर लिहून पुसणे. याचा विचारच करू नये.

स्टिकर व त्यावर साधे लॅमिनेशन : तालुक्याच्या गावी छपाईवाले बहुधा हेच देतात आणि ‘व्हाइट बोर्ड आहे’ म्हणून सांगतात. पहिला पंधरवडा छान जातो. हे लॅमिनेशन मऊ प्लास्टिकचे असते, शाईचा रंग हळूहळू त्यात मुरतो. त्यातही ते खरखरीत, म्हणजे मॅट असेल तर लवकर खराब होते. स्वस्त म्हणून घ्यायचे आणि हंगामात दोनदा बदलायचे, यात बचत कुठे आहे?

पुसण्यासाठीच बनविलेली पॉलिएस्टर फिल्म : ही वरून कडक लेप दिलेली असते. छापील कागदावर किंवा स्टिकरवर ही बसवितात. मागे सनबोर्ड न लावता ॲल्युमिनियमचा थर असलेला एसीपी पत्रा लावावा, कारण सनबोर्ड उन्हाने वाकतो आणि फलक वाकला की फिल्म उचलते. हंगामापुरत्या उघडणाऱ्या गट ऑफिसला हा प्रकार परवडतो. मागताना ‘लॅमिनेशन’ असे मोघम न म्हणता ‘ड्राय इरेज फिल्म’ असे नाव घेऊन मागावे आणि बिलावर तसे लिहून घ्यावे.

मेलामाइनचा तयार फलक : शाळा-क्लासमध्ये असतो तो. घ्यायला स्वस्त. पण रोजच्या वापरात याचा थर झिजतो व सावली धरू लागतो. शिवाय मागे लाकडी भुश्श्याची किंवा पुठ्ठ्यासारखी फळी असते, कडेने ओल शिरली की फुगते. व्हरांड्यात लावायचा असेल तर याच्या नादी लागू नये.

ॲक्रिलिक : दिसायला काचेसारखे, म्हणून मोह होतो. पण याला ओरखडे लवकर पडतात आणि स्पिरिटने पुसत राहिले की बारीक तडे जातात. टाळलेले बरे.

काच : छापील तक्ता मागे आणि पुढे जाड कडक केलेली काच. काचेत शाई जिरण्याचा प्रश्नच नाही. दरवर्षी तक्ता बदलायचा असेल तर फक्त मागचा कागद बदलायचा. तोटे असे की उजेड चमकतो, मागून ओल शिरली तर तक्ता डागाळतो, आणि फुटण्याची भीती असते. लहान गावच्या फलकाला, भिंतीत घट्ट बसवून, हा उपाय चांगला आहे.

एनॅमलचा पत्रा : पोलादी पत्र्यावर काचेची पूड सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळवून बसविलेली असते. जुन्या निळ्या-पांढऱ्या घरक्रमांकाच्या पाट्या ज्यांना आठवतात त्यांना हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यामागून पावसाळे गेले तरी त्या पाट्यांवरचे आकडे शाबूत असत. यात रकाने व रेघाही भट्टीतच पक्क्या करता येतात. घेताना महाग पडतो. जोराचा मार बसला तर टवका उडतो आणि तिथे गंज धरतो. एवढी एक काळजी घेतली तर वर्षानुवर्षे बघायला नको. ज्या गट ऑफिसला स्वतःची पक्की इमारत आहे तिथे हाच घ्यावा, असे मी सुचवितो. साधा रंग दिलेल्या पत्र्याचा फलकही मिळतो. तो मेलामाइनपेक्षा बरा, पण एनॅमलची सर त्याला नाही.

आणि हेही सांगतो, नीट राखलेला खडूचा काळा फलक हा न राखलेल्या पांढऱ्या फलकापेक्षा शंभर पटीने चांगला. खडूच्या फलकाला दरवर्षी रंगाचा हात मारला की तो नवा होतो. त्याची अडचण एवढीच की ओल्या फडक्याबरोबर रकानेही जातात आणि पावसाचे शिंतोडे आले की अख्खा कार्यक्रम वाहून जातो.

छपाई खाली, लेखन वर

छापलेला भाग नेहमी पारदर्शक थराच्या खाली पाहिजे. काही ठिकाणी आधी फलक घेऊन त्यावर वरून रेघा छापून किंवा चिकटवून घेतात. मार्करमध्ये अल्कोहोल, पुसायला स्पिरिट. ते वरच्या छपाईला लागत राहते आणि महिन्याभरात रेघा फिक्या पडतात. छपाईवाल्याला आणखी एक सांगावे. छापल्या छापल्या फिल्म चढवू नको. छपाईच्या शाईतील द्रव पुरता उडून जायला निदान एक दिवस जाऊ द्यावा. घाई केली तर आत कोंडलेल्या वाफेने फिल्मला फुगे येतात आणि कडा सुटतात.

रेघा फिकट निळ्या किंवा राखी असाव्यात, म्हणजे काळ्या मार्करचे अक्षर उठून दिसते. ओळीची उंची दोन इंच ठेवावी. चार फूट उंचीच्या फलकात डोक्याला आठ इंच गेले तरी वीस ओळी बसतात. इंचभर उंचीचे अक्षर दहा फुटांवरून सहज वाचता येते. डोळ्यांनी अधू झालेले म्हातारे सभासद, हातात पोर घेऊन मागे उभी असलेली भगिनी, यांना गर्दीत पुढे घुसावे लागू नये. मान्यवरांच्या फोटोंबद्दल आदर ठेवूनच म्हणतो की, ते वेगळ्या फलकावर शोभतात. तोडीच्या फलकाची एक तृतीयांश जागा त्यात गेली तर सात शेतकऱ्यांचे नंबर लिहायला जागा उरत नाही.

घेण्याआधी परीक्षा

बेणे घेताना आपण डोळे तपासतो, मग फलक घेताना का नको? छपाईवाल्याकडून तळहाताएवढा नमुना मागून आणावा. त्यावर काळ्या, निळ्या, लाल, हिरव्या मार्करने लिहावे. आठ दिवस तसाच ठेवावा, रोज थोडे ऊन लागू द्यावे. मग कोरड्या सुती फडक्याने पुसावे. चारही रंग निघाले तर माल घ्यावा. माझ्या पाहण्यात लाल शाई सगळ्यात आधी डाग धरते, म्हणून लाल रंगाकडे विशेष पाहावे. ज्याला नमुना द्यायची तयारी नाही त्याच्याकडून फलक घेऊ नये.

निगा

१) नवीन फलकावर कधी कधी संरक्षक पातळ प्लास्टिक असते. ते सोलून मगच लिहावे. काही ठिकाणी ते तसेच राहते, त्यावरच लिहिणे सुरू होते आणि मग फलकाला नावे ठेवली जातात.

२) फलक उत्तरेच्या भिंतीला किंवा खोल व्हरांड्यात लावावा. थेट उन्हात शाई तापून पक्की होते आणि फिल्म पिवळी पडते. ऑफिस बंद असले तरी बाहेरून वाचता आला पाहिजे.

३) आपल्याकडे हवेत धूळ, पाचटाची कुसे आणि कारखान्याजवळच्या गटांत राख व भुसा असतो. धुळीवरून कोरडे फडके घासले की बारीक ओरखडे पडतात. आधी धूळ हलक्या हाताने झटकावी, मग शाई पुसावी. फडके रोज झटकावे, आठवड्याला धुवावे.

४) लिहिल्यावर शाई वाळू द्यावी. ओली असताना हात लावला तर फासते. तसेच ओल्या फलकावर लिहू नये.

५) आठवड्यातून एकदा पाण्यात साबणाचा थेंब टाकून मऊ कापडाने पुसावे, मग स्वच्छ पाण्याने, मग कोरड्याने. साबण तसाच राहिला तर त्याचा थर बसतो आणि नवी शाई नीट उमटत नाही.

६) डाग राहिलाच तर औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसावे. ते पेट घेते, म्हणून जवळ विडी-काडी नको. हाताला लावायच्या सॅनिटायझरनेही शाई निघते, पण त्याचा चिकटपणा मागे राहतो, सबब नंतर पाण्याने पुसणे आले.

७) चुकून कायमच्या मार्करने लिहिले गेले तर घाबरू नये. त्याच अक्षरांवरून पांढऱ्या फलकाच्या मार्करने गिरवावे आणि लगेच पुसावे. नव्या शाईतील अल्कोहोल जुन्या शाईला सोडविते.

८) भांड्याची पावडर, काथ्या, तारेची घासणी, रॉकेल, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही वापरू नये. डाग निघेल, पण त्याबरोबर वरचा थरही निघेल आणि पुढचा प्रत्येक डाग कायमचा होईल.

९) मार्कर आडवे ठेवावेत, टोपण घट्ट लावावे. खिशात उभा खोचला की रंगाची पूड एका बाजूला बसते. कोरड्या टोकाने दाबून लिहिले की अक्षरही फिके आणि फलकालाही ओरखडा.

काय छापावे, काय लिहावे

जी गोष्ट हंगामभर बदलत नाही ती मार्करने लिहूच नये. महिनोन्‌महिने न पुसलेली शाई चांगल्या फलकावरही धरून बसते. गटाचे नाव, रकान्यांची डोकी (नोंद क्रमांक, गाव व शिवार, लागणीचा प्रकार, लागण तारीख, जात, क्षेत्र, टोळी क्रमांक, तोडीची तारीख, शेरा) ही छापावीत. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे, ही सूचना छापावी, कारण त्यापुढे साखर आणि वजन दोन्ही घटत जाते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल मिळाले पाहिजे, हेही खुशाल छापावे. लपविण्यासारखे त्यात काही नाही.

दरवर्षी बदलणारे आकडे मात्र पक्के छापू नयेत. केंद्राने १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला एफआरपी २०२४-२५ च्या हंगामासाठी टनाला ३,४०० रुपये ठरविली होती, २०२५-२६ साठी ती ३,५५० झाली. एनॅमलमध्ये भाजलेला आकडा वर्षाने जुना होतो आणि मग त्यावर कागद चिकटवावा लागतो. असे आकडे मार्करने, वेगळ्या चौकटीत आणि वर्ष घालून लिहावेत.

पुसण्याचा अधिकार कोणाचा

आता मुख्य मुद्दा. जो फलक सहज पुसता येतो, तो सहज बदलताही येतो. ही या फलकाची सोयही आहे आणि धोकाही. त्यासाठी माझ्या मते तीन नियम प्रत्येक गटात असावेत.

पहिला, फलकावरचा मजकूर आधी रजिस्टरला आणि मग फलकावर. पुसण्याआधी फलकाचा मोबाइलवर फोटो घ्यावा, त्यात तारीख दिसली पाहिजे. दुसरा, लिहिणारा व पुसणारा माणूस एकच आणि ठरलेला, त्याची सही फलकाच्या कोपऱ्यात रोज. चिटबॉयने लिहायचे, मुकादमाने खोडायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने बोटाने दुरुस्त करायचे, असे चालणार नाही. तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा, दिवसा काही पुसायचे नाही. पाऊस झाला, रस्ता बसला, टोळीतली माणसे आजारी पडली, अशी हजार कारणे निघतात आणि तोड पुढे-मागे होते. अशा वेळी तो नंबर पुसून टाकू नये. त्यावर आडवी रेघ मारून शेऱ्यात कारण लिहावे. संध्याकाळपर्यंत गावाने ते वाचावे. रात्री फलक स्वच्छ करावा आणि दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम लिहावा. नंबर का सरकला हे ज्याला वाचायला मिळते, तो भांडायला येत नाही. नंबर नाहीसा झालेला ज्याला दिसतो, तो येतोच, आणि त्याचे काय चुकले?

काही सभासद म्हणतील, साहेब, आता मेसेज मोबाइलवर येतो, फलक कशाला? मेसेज हवाच. पण मेसेज ज्याचा त्याला येतो. त्यात माझा नंबर कळतो, माझ्या पुढचा-मागचा कळत नाही. फलकावर सगळ्यांचे नंबर एका रांगेत, सगळ्यांसमोर असतात. हिशेब सर्वांनी एकत्र बघायचा, हीच सहकाराची रीत आहे. शिवाय ज्या माउलीच्या नावावर ऊस आहे आणि फोन मुलाच्या खिशात आहे, तिला वाचायला फलकच उरतो.

विनंती

सभासदांचीही थोडी जबाबदारी आहे. फलकावर बोट ठेवून, ओल्या किंवा तेलकट हाताने नंबर शोधू नये. त्यावर पत्रके, शुभेच्छा, जाहिराती चिकटवू नयेत. टेपचा डिंक काढताना वरचा थर निघतो. शिल्लक जागेत हिशेब मांडू नये. आणि फलक वाचता येत नसेल तर कुजबुज न करता गट अधिकाऱ्याला तोंडावर सांगावे. ते सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

गट कर्मचाऱ्यांना सांगणे एवढेच की, फलकाला द्यावी लागणारी रोजची दहा मिनिटे वाया जात नाहीत. फलक अस्पष्ट असला तर तीच दहा मिनिटे पन्नास सभासदांना एकेकाला समजावण्यात जातात. आणि खरेदी समितीस नम्र सूचना अशी की, येत्या हंगामाआधी निदान कायमच्या इमारती असलेल्या गटांचे फलक एनॅमलचे करावेत, बाकीच्या गटांना नमुना तपासून फिल्मचे किंवा काचेचे फलक द्यावेत. बॉयलर पेटण्याच्या आधी हे काम उरकले, तर मोळी पडण्याच्या दिवशी प्रत्येक गटात वाचता येईल असा फलक लागलेला असेल.

— ऊस विकास अधिकारी